पाव घेण्याआधी

गुटू, ४ ऑगस्ट

चि. तवेंगवास,
अ. उ. आ.

फोनवर तू सगळं छान म्हणतोस आणि लगेच कांद्याच्या भावाकडे वळतोस, म्हणून बसच्या ड्रायव्हरबरोबर हे पत्र. शेजारणीचा जावई जोहान्सबर्गहून मार खाऊन परत आला. मोर्चेवाले दुकानोदुकानी शिरून आपल्यासारखे सीमेपलीकडून आलेले परके कामगार मोजतात आणि सापडेल त्याला बाहेर ओढतात, असं सांगत होता. खरं काय ते लिही, नाहीतर सरळ निघून ये.

आई विचारते, झुलू बोलून बोलून तू झुलूच झालास, पण ताट घेण्याआधी दोन टाळ्या वाजवतोस ना? की आपली रीत तिकडच्या भट्टीत घातलीस?

तुझी वाट बघणारी,
सेकाईताई

जोहान्सबर्ग, १६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांग, त्या टाळ्यांनीच जीव टांगणीला लावला होता. आमच्या बेकरीत अकरांतले आठ जण बाहेरचे. मोर्चेवाले मोजणीला येणार होते त्या दिवशी मालकाने सात जणांना घरी बसवलं आणि भट्टीला कुणीतरी हवं म्हणून मला ठेवलं. गल्ल्यावर बसणाऱ्या झुलू न्गुबानेमावशी मला बहिणीचा मुलगा म्हणून सांगणार होत्या. माझी भाषा साफ आहे, पण हातांचं काय? काहीही मिळालं की आधी टाळ्या. त्याआधीचे चार दिवस मावशी येता-जाता माझ्यापुढे काहीतरी धरायच्या आणि टाळी वाजली की मनगटावर लाटणं. गाढवा, तुझ्याबरोबर मलाही मारशील, म्हणायच्या.

मंगळवारी वीस जण काठ्या घेऊन आले. म्होरक्याकडे वही होती. त्याने गाव विचारलं, कूळ विचारलं. मी मावशींचं कूळ घडाघडा सांगितलं. मग मावशींनी पाहुणचार म्हणून त्याच्यापुढे गरम पाव धरला. त्याने वही काखेत मारली आणि पाव घेण्याआधी हलकेच दोन टाळ्या वाजवल्या.

मी बघितलं. मी बघतोय हे त्यानेही बघितलं. त्या टाळ्यांकडे दचकून बघणारा कुठला असतो, हे त्याला सांगायला नको होतं. त्याने वहीत परके शून्य असं लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि माणसांना घेऊन गेला. पाव तसाच राहिला.

सातही जण कामावर परतले. मी येत नाही. पण तो मला गप्प करायला परत येईल का, या विचाराने दार वाजलं की आधी फटीतून बघतो.

तुझा,
तवेंगवा

गुटू, २९ ऑगस्ट

चि. तवेंगवास,
अ. उ. आ.

आईला पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, तू वाचलास म्हणून देवाला हात जोडेल. तिने एवढंच विचारलं की तो कुणाचा मुलगा. आपल्या गावातच तिघी अशा आहेत, ज्यांची मुलं तिकडे गेली ती गेलीच. मला तर त्याचा संताप येतो. आपल्याच माणसांना ओढून काढतो मेला!

पण आईचा निरोप लिहिते. तो पुन्हा आला तर चारचौघांत काही बोलू नकोस. त्याच्यापुढे पाव धर आणि हळूच त्याच्या आईचं नाव विचारून घे. तो जिवंत असल्याचा निरोप आम्ही तिला पोचवू.

माया आहे तशीच राहू दे, आणि मनगट सांभाळ.

तुझी,
सेकाईताई