देवीच्या वळणावर उचललेला पाय

मंगळवार, संध्याकाळ, डोंबिवली

रविवारपासून लिहायचं टाळतोय. आज तर वही उघडली आणि तशीच टाकून उगाच टिटवाळ्याला भटकून आलो.

त्या दिवशी घाटात जुन्या गाड्यांची शर्यत होती. एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. गॅरेजवाल्या अण्णांनी स्वतःची फियाट मला चालवायला दिलेली. त्यांच्या वडिलांची गाडी, दोन वर्षं खपून मोठं इंजिन बसवलेलं. मस्त चढत होती. आणि वळणावर देवीचं देऊळ आलं. घाटात देवीपाशी गाडी हळू करायची, हात छातीशी न्यायचा, हे अण्णांनीच शिकवलेलं. माझा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला गेला. घड्याळ चालू आहे हे डोक्यातच नाही.

दोन सेकंदांनी नंबर गेला. वर अण्णा एवढंच म्हणाले, “देवीला सांगायचं ना रे, आज घाईत आहे म्हणून.” सगळे हसले, ते नाही. तेव्हापासून फोन नाही. परत गाडी देतील? मी दिली असती का? पण तो पाय मी मुद्दाम थोडाच उचलला...

आई हाक मारतेय. अण्णा दारात आलेत. कधी कुणाच्या घरी न जाणारे अण्णा. आत येत नाहीयेत. म्हणतायत, “त्याला बूट घालायला सांगा वहिनी, खाली गाडी चालूच ठेवलीय.”