दारू सगळ्यात शेवटी

डॉक्टरसाहेब, तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं झाली, तरी तुमची आठवण निघाली की मी अजून खुर्चीत सावरून बसतो. पेपर मिलच्या दवाखान्यात मी कंपाउंडर, मॅट्रिक नापास. बाकी सगळं शिकलो ते तुमच्या हाताखाली, बोलणी खात खात. एका दुपारी चौघांनी एका कामगाराला उचलून आणलं. तोंडाला दारूचा भपकारा. मी नाकाला रुमाल लावून म्हणालो, "पिऊन पडलाय साहेब, बाकावर टाकू, उतरली की जाईल घरी." तुम्ही त्याच्या केसांतून बोटं फिरवत होतात. कानाच्या वर टेंगूळ. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलंत, तर एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी. जीप बोलावलीत आणि मग माझ्याकडे वळलात. "पिणाऱ्याचं डोकं फुटत नाही का रे? साखर उतरली असेल, फिट येऊन गेली असेल, अर्धांगाचा झटका असेल, फवारणीचं औषध पोटात गेलं असेल, ताप डोक्यात चढला असेल. हे सगळं बघून झालं की मग दारू. दारू सगळ्यात शेवटी." तो माणूस वाचला. बेशुद्ध माणसाशीसुद्धा तुम्ही बोलायचात, "दादा, सुई टोचतोय हं." मला हसू यायचं. तुम्ही विचारायचात, "त्याला ऐकू येत नाही, हे तुला कोणी सांगितलं?" एवढा मान मी शुद्धीतल्या माणसालाही देत नव्हतो.

या उन्हाळ्यात, एकादशीच्या दुपारी, आमची ही गहू निवडता निवडता कलंडली. हाका मारल्या तर नुसतं हुं हुं. शेजारीण धावत आली, "भाऊजी, लू लगी है वहिनीला, पन्हं पाजा जल्दी." मुलगा कांदा फोडतोय, सून तोंडाशी पेला नेतेय. मी ओरडलो, "थांब गं! थेंबसुद्धा घालू नकोस, छातीत जाईल." हात लावला तर अंग गार, घामानं चिंब. लू लागलेलं अंग असं कुठलं असायला? तिला कुशीवर वळवलं आणि सुनेला तिचं मधुमेहाचं, साखर मोजायचं मशीन आणायला लावलं. आकडा पस्तीस, जो सत्तरच्या खाली जायला नको. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन मी सारखा बोलत होतो, "अगं, चौक आला, आता दवाखाना आलाच." शिरेतून ग्लुकोज गेलं, थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय, तर "माझा उपवास मोडला का हो?" साहेब, मी तिथंच भिंतीला टेकून रडलो.

डॉक्टर तरुण होता, भला वाटला. म्हणाला, "बाबा, मुंह में कुछ नहीं डाला, बहुत अच्छा किया. गोळीचा असर राहतो, आज इथेच राहू द्या." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "उपवास में शुगर की गोली किसने दी?" मी म्हणालो, "तीच घेते, आठवणीनं." आता घरात ज्याला त्याला माझं कौतुक. मुलगा फोनवर सगळ्यांना सांगतो, बाबांनी आईला वाचवलं. आणि मी मान हलवतो. या पत्राला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. सकाळी ती नको म्हणत होती. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, गोळीनं उपवास मोडत नाही, असं समजावून ती मीच तिच्या तळहातावर ठेवली होती. त्या सकाळचं तिला काही आठवत नाही; तिला अजून वाटतं, आपणच घेतली.