उजव्या तळहातावरची टिकली

९ फेब्रुवारी २००५, गोरेगाव (नांदेडकडचे)
अण्णांना नांदेडहून घरी आणले. उजवे अंग गेले, बोलणे गेले. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा जो भाग गेला तो गेला. घरी न्या, जपा." कागदावर लिहीत लिहीत म्हणाले. मान वर केली नाही.

१० फेब्रु.
बूथवरून बहिणीला, शोभाला फोन. वडिलांना बघायला ये म्हटले.
"दादा, परवा माझ्या उंदरांचा सातवा दिवस आहे."
हैदराबादच्या तिच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मानेतल्या नसेत दोरा सारून मेंदूचे रक्त अडवतात. अण्णांना झाले तेच, मुद्दाम. मग मेंदूला सूज कशी चढते त्याचे चुंबकाच्या यंत्रात फोटो. रक्तात लोखंडाचे बारीक कण सोडायचे. सुजेकडे धावणाऱ्या पेशी ते गिळतात, फोटोत काळ्या दिसतात. सातव्या दिवशी सर्वांत काळे. तो फोटो चुकला की अख्खी तुकडी वाया.
परवा अण्णांच्या झटक्याचाही सातवाच. तिला मोजता येते.

१२ फेब्रु.
अंगणात पिसे. काकाने कबुतर कापून ऊन रक्त अण्णांच्या दंडाला चोळले. लकव्यावरचा इलाज. मी ओरडलो.
काका हात धूत म्हणाला, "मास्तर, तुझी बहीण उंदरावर करून राहिली, आमी कबुतरावर. तिला काहून न्हाई वरडत?"
मी पिसे गोळा केली. राग कबुतरापेक्षा त्या प्रश्नाचाच जास्त.

१३ फेब्रु.
शोभाला पुन्हा फोन. फोटो उत्तम आले म्हणे. सूज उतरवायचे औषध? आहे, उंदरांसाठी. पाठव म्हटले.
"माणसाला चालत नाही ते, दादा. आणि सूज नुसती वाईट नसते. मेलेलं साफ तीच करते. लवकर दाबली तर काही उंदीर उलट बिघडले."
"बरे झालेल्यांचं काय करता?"
"मारतो. मेंदू कापून फोटोशी ताडावा लागतो."
"आणि न झालेले?"
"ते पण."
फोन ठेवला.

१६ फेब्रु.
आली. शोभा अण्णांजवळ टेकली. मग आईच्या डबीतून दोन टिकल्या घेतल्या, त्यांच्या दोन्ही तळहातांना चिकटवल्या आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसली. उंदरांच्या पंजांना चिकटपट्टी लावून हेच करतात. ज्या पंजाची जाणीव गेली, तिथली पट्टी उंदीर काढत नाही.
अण्णांनी डावा हात गोधडीला घासला. टिकली गेली. उजवीकडे लक्षच नाही. शोभाने वहीत मिनिटे लिहिली.
मी वही हिसकून अंगणात फेकली. "बाप आहे तो."
"म्हनूनच. डॉक्टर म्हनला ते समदं गेलेलं न्हाई, दादा. मेल्या भागाच्या कडेचं अजून झुंजून राहिलंय. मला बघू दे."
"सातव्या दिवशी बघायचं होतं."
रडली नाही. वही उचलून आणली, माती झटकली.

१८ फेब्रु.
सकाळच्या जीपने गेली. उद्या उंदरांचा चौदावा दिवस. टिकल्यांचे पाकीट आईकडे: रोज लाव. मी फेकणार होतो.
आई म्हणाली, "लावू दे रे. आपण काई मारून न्हाई राहिलो त्यायला."

१९ फेब्रु.
आईने आज फक्त उजव्या हाताला लावली. अण्णा केव्हाचे त्या टिकलीकडे बघत आहेत. काढता येत नाही, की काढायची नाही, की तिथे काही आहे हे आत्ता कळले?
बघवेना. काढायला गेलो. अण्णांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला. मग आपला डावा हात परत मांडीवर ठेवला. अजून बघत आहेत.
शोभाला कळवणार नाही.
वेळ मात्र लिहितो: दहा वाजून वीस मिनिटे.