हद्दीची झुडपे

ता. ७ फेब्रुवारी १९२८

आज हद्दीचा निकाल लागला. जर्मन गेल्यापासून त्यांच्या ताब्यातला आमचा मुलूख इंग्रज आणि फ्रेंच वाटून घेत आहेत. त्या कामासाठी दोघांचे साहेब आमच्या गावी आले. हद्द विचारण्यास ते माझ्याकडे आले, कारण मी मिशनच्या शाळेत चौथी इयत्ता पूर्ण केलेली आहे.

मी त्यांना वडिलांनी लावलेल्या झुडपांच्या रांगेपाशी नेले. अलीकडे मी, पलीकडे धाकटा भाऊ दोत्से. दर पावसाळ्यात तो ती झुडपे हातभर माझ्या शेतात सरकवतो. आज साक्षीला दोन सरकारे लाभली! मक्याच्या पिठाचे पाणी जमिनीवर ओतून मी रीतसर शपथ घेतली — या झुडपांपलीकडे आमचे काही नाही, आमचे कोणी नाही. दुभाषा फोली याने ते साहेबांस समजावले.

दोत्से पलीकडून ओरडला, "दादा, लेक तर माझ्याच वाडीत दिलीयस. तिलापण सोडलीस काय?"

शपथेचे शब्द वाडवडिलांचे आहेत. त्यांत लेकी मोजत नाहीत.

ता. १५ फेब्रुवारी

साहेबांच्या माणसांनी रांगेत हद्दीचा दगडी खांब रचला. काम नीट आहे.

ता. ६ मार्च

माझ्या लेकीचे, एसिनामचे, दिवस भरत आले. पहिले बाळंतपण बापाच्या घरी होते. आमच्यात दुसरी रीत नाही. तिला आणावयास निघालो, तो खांबापाशी फ्रेंचांचा शिपाई. आपल्याच भाषेचा, किनाऱ्याकडचा.

"आजोबा, परवाना?"

"लेकीकडे जायला?"

"पलीकडे तुमचं कोणी नाही म्हणून शपथ घेतलीत ना? मग आता कुठली लेक?"

एसिनाम झुडपांपलीकडेच उभी होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून. तिलाही सोडले नाही. म्हणाली, "आबा, उन्हात थांबू नका. घरी जा."

मी गेलो नाही.

ता. ७ मार्च

परवान्यासाठी फोलीकडे गेलो. त्याने सांगितले ते असे.

"आजोबा, नकाशात रेघ ओढ्यावर होती. दोत्सेकाकांच्या वाडीच्याही पलीकडे. दोन्ही वाड्या इंग्रजांकडेच राहत होत्या. पण तुम्ही इतकं ठासून सांगितलंत, साहेब म्हणाले, म्हातारा शिकलेला दिसतो. आणली रेघ इकडे. तुमची सोय केली."

"मग परत सरकवा."

"ती काय दोत्सेकाकांची झुडपं आहेत?"

परवान्याला कचेरीचा शिक्का लागतो. साहेब उत्तरेला गेले आहेत. घरी आल्यावर जेवण समोर निवत राहिले. माझ्या शब्दावर रेघ सरकली — माझ्या!

ता. ८ मार्च

पुन्हा खांबापाशी. पुन्हा तेच. पलीकडे आज एसिनाम दिसली नाही.

ता. ११ मार्च

काल एसिनामला मुलगा झाला, दोत्सेच्या घरी. त्याच्या बायकोने बाळंतपण केले. नाळ दोत्सेने आपल्या अंगणातील ताडाखाली पुरली. म्हणजे मुलाचे घर तेच. हे सांगण्यास तो रांगेपाशी आला, आणि आयुष्यात प्रथमच थट्टा न करता उभा राहिला. मी कुदळ आणली. त्याने पलीकडून, मी अलीकडून, वडिलांची झुडपे आम्ही सगळी उपटली. शिपाई बघत होता. झुडपांविषयी त्याला हुकूम नव्हता.

खांब तेथेच आहे.