आईला नेलं तो रस्ता

इंग्ज फार्म, थोरबेक
बुधवार, ४ मार्च १९९८

प्रिय क्लिफ,

कसा आहेस? गुडघे काय म्हणतात? मी बरी आहे. थंडी हटायचं नाव घेत नाही, ओढा भरून वाहतोय आणि काल पहिल्या मेंढीला जुळी झाली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या धुराड्याचा धूर दिसतो, जोरात हाक मारली तर तुझं कुत्रं भुंकेल, आणि मी बसलेय पत्रातून तुझी खुशाली विचारत. लोक हसतील. हसू देत.

माझा रूबेन गेला हे तुला कळलंच असेल. पोस्टातल्या मेव्हिसला सोमवारी सकाळी कळलं, म्हणजे दुपारच्या आत डोंगरावरच्या मेंढ्यांनासुद्धा कळलं असणार. झोपेत गेला असं मी सगळ्यांना सांगतेय, पण तसं नव्हतं. त्याला फार त्रास झाला. असो. तुला त्याच्या त्रासाचं काय सांगायचं!

मंगळवारी अकरा वाजता चर्चमध्ये अंत्यविधी आहे. नंतर चहा आणि हॅम आपल्या घरी. पार्किन, आपला आल्याचा केक, मी स्वतः करणार आहे, विकतचं आणून लोकांची बोलणी कोण खाणार. पाद्रीबाई चांगल्या आहेत, तरुण आहेत, जरा भराभर बोलतात. रूबेनला त्यांचं प्रवचन कधी कळलं नाही, पण तो म्हणायचा, "लवकर सोडतात, हे काय कमी आहे?"

बघ, कामाचं सोडून मी भलतंच लिहीत बसले. काम पुलाचंच आहे. म्हणजे पुलाचं आणि तुझं.

उन्हाळ्यात आमच्या रानात किती माणसं येतात ते तू वरून बघतच असशील. गळ्यात नकाशे अडकवून येतात, पुलाचे फोटो काढतात आणि मला विचारतात, याला कठडे का नाहीत? मी सांगते, लोकरीची पोती लादलेली तट्टं जायची, पोती अडकू नयेत म्हणून. मग त्यांना तो पलीकडचा सपाट दगड दाखवते. वरच्या वाडीची माणसं आपले मेलेले याच वाटेने चर्चला न्यायची, आणि दर वेळी पेटी या दगडावर विसाव्याला ठेवायची, हे ऐकलं की त्यांची तोंडं गंभीर होतात. पुढच्या मिनिटाला त्याच दगडावर बसून सँडविच खातात. लीड्सची पोरं आमच्या पुलावर पाय सोडून बसतात, आणि ज्याची आजी त्या दगडावर विसावली तो तू दुकानात यायला तीन मैलांचा वळसा घालतोस. मला खिडकीतून तुझी टोपी भिंतीवरून सरकताना दिसते. दर शुक्रवारी.

तुझ्या बाजूच्या भिंतीत, पुलाच्या वाटेवर उतरायला, ज्या पायऱ्या आहेत त्या रूबेननेच बसवल्या, हे तुला ठाऊक नसेल. कारण सांगते.

आपली आई गेल्यावर दहाएक वर्षांनी जुन्या वास्तूंची नोंद करणारी एक बाई आली होती. पूल मोजला, ओल्या मोज्यांनी माझ्या चुलीपुढे बसून चहा प्यायली. रूबेन तिला सहज म्हणाला, "एकदा का या वाटेने प्रेत नेऊ दिलं की वाट कायमची गावाची होते, म्हणून माझ्या आजोबांनी ते बंद केलं." ती बाई हसली रे. वाईट हसली नाही, कौतुकाने हसली. म्हणाली, "अहो, हा समज मला सगळ्या डोंगरभर ऐकायला मिळतो. पण असा कायदा कधीच नव्हता. शंभर पेट्या नेल्या असत्या तरी रान तुमचंच राहिलं असतं."

रूबेनच्या हातातला कप तसाच राहिला. ती गेल्यावर तो उठून गोठ्यात गेला आणि दूध काढायची वेळ टळून गेली तरी बाहेर आला नाही. गाई ओरडत होत्या. शेवटी मीच गेले. तो बादली उपडी घालून बसला होता. म्हणाला, "नोरा, मी त्या म्हातारीला, तुमच्या आईला, फाटकातून उगाच परत पाठवलं." एवढंच. मी म्हटलं, "मग जा ना वर, क्लिफला सांग." तो म्हणाला, "काय सांगू? चूक झाली म्हणू? चूक म्हणजे काय, मी त्याचं कोंबडं दाबलंय का गाडीखाली?" पुढच्या आठवड्यात त्याने भिंत फोडली आणि पायऱ्या बसवल्या. ती त्याची माफी होती. पण माफी तोंडाने मागावी लागते, दगडांनी नाही, हे त्या हट्टी माणसाला मी कितीदा सांगितलं.

आता त्याची शेवटची इच्छा ऐक. गेल्या शनिवारी म्हणाला, "मला पुलावरून नेऊ नका. म्हातारीला नेलं त्या रस्त्याने न्या. खांद्यावरून. गाडी नको." मी म्हटलं, "अरे, तीन मैल! स्वतःचं अंग बघितलंयस का? माणसं मरतील." तो म्हणाला, "आईचे खांदेकरी मेले नाहीत. बर्फातून गेले." नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मी अर्नी डॉसनकडे गेले. आईच्या पेटीला तुझ्या मागे तोच होता. आता त्याच्याने होणार नाही, पण त्याचे दोन्ही मुलगे आहेत, चक्कीवाल्यांची मुलं आहेत. अर्नीने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "नोरा, रूबेनशी माझं वाकडं नाही. पण त्या फाटकातून परत फिरताना क्लिफचं तोंड मी बघितलंय. क्लिफ आला तर पोरं खांदा देतील. तो नाही आला, तर शहरातून गाडी मागव." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. कोणी वाईट बोललं नाही. मला तेच जास्त लागलं.

म्हणून लिहितेय. तू आलास तर तो त्याने मागितला त्या रस्त्याने जाईल. नाही आलास तर काळ्या गाडीतून अनोळखी माणसं नेतील, आणि गाव दाराआडून बघेल. तुला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

इथे पत्र संपवणार होते. सही करायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. चहा केला, प्याले नाही.

क्लिफ, आईला न्यायच्या आदल्या संध्याकाळीच मला माहीत होतं. जेवताना रूबेन म्हणाला होता, "उद्या ती पेटी मी फाटकातून आत येऊ देणार नाही." फोन भिंतीवर होता. तुला एक शब्द सांगितला असता तर तुम्ही पहिल्यापासूनच रस्त्याने गेला असतात. गावासमोर, आईला खांद्यावर घेऊन, फाटकातून परत फिरायची वेळ तुझ्यावर आली नसती. मला वाटलं, पेटी समोर दिसली की विरघळेल तो. माणूस आहे, विरघळेल. मी हॅम शिजवत बसले आणि मूग गिळून राहिले. सकाळी दुधाच्या खोलीत उभी होते. तुझा आवाज ऐकू आला, त्याचा ऐकू आला, मग तुमच्या बुटांचा आवाज बर्फात लांब लांब गेला. मी बाहेर आले नाही. त्याच्याशेजारी गाडीत बसून चर्चला गेले आणि तुमच्या आधी जाऊन गरम जागी बसले. आई यायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी एकदाही मागे वळून दाराकडे बघितलं नाही.

ते हॅम कोणी खाल्लं नाही. कुत्र्याला घातलं.

लाज वाटते रे. एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यासाठी रूबेन मरायची वाट बघितली.

येशील का?

तुझी म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझीच बहीण,
नोरा

~

वरची वाडी
गुरुवार

नोरा,

पत्र मिळालं. मेव्हिसने स्वतः आणून दिलं आणि मी ते फोडेपर्यंत दारातून हलेना. शेवटी तिच्या तोंडावर दार लावलं. आता ती गावभर सांगेल की क्लिफ रडत होता. रडत नव्हतो. चष्मा शोधत होतो.

मला माहीत होतं. चर्चमध्ये तुझी मान बघूनच कळलं. लहानपणी आईचा जॅम खाल्लास की अशीच ताठ मान करून बसायचीस. तुला आधी कळलं होतं आणि तू सांगितलं नाहीस, हे मी पेटी खाली ठेवायच्या आतच ओळखलं.

रूबेनवरचा राग केव्हाच गेला. तो बापजाद्यांनी शिकवलं तसं वागला. गाढव होता, पण सरळ गाढव होता. पायऱ्या बसवल्या तेव्हाच मला कळलं कशासाठी ते. मी वळसा त्याच्यासाठी घालत नव्हतो, नोरा. त्या पुलाच्या वाटेने आलं की तुझं दार लागतं, म्हणून घालत होतो. वाटायचं, एखाद्या शुक्रवारी तरी खिडकी उघडून हाक मारेल. तू नुसती टोपी बघत बसलीस.

मीही हाक मारू शकलो असतो. तो हिशेब माझ्याकडे.

डॉसनच्या पोरांना निरोप दिलाय. पुढचा डावा खांदा माझा. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. आईला आम्ही विसाव्याला रस्त्याकडेच्या, दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यांवर ठेवलं होतं, दुसरं काही नव्हतं. आता ते ओटेही गेले. तेव्हा बाकं घेऊन एक ट्रॅक्टर मागून येईल, तसं सांगितलंय. तुझ्या नवऱ्याला खाली ठेवायला भक्कम बाकं बघा, असंही सांगितलंय.

हॅम जास्त शिजव. चालणारी माणसं आहेत.

आणि एक. मी तुला माफ केलं असं लिहायला बसलो होतो, पण लिहवत नाही. अजून झालेलं नाही, उगाच कशाला लिहू? सहासष्ट वर्षांचा झालोय, किती दिवस पुरतील माहीत नाही. पण मंगळवारी तू गाडीत बसून पुढे जाऊ नकोस. पायी ये. आईच्या मागे चालायला हवी होतीस ते तीन मैल माझ्या बाजूने चाल. बोलू नकोस काही. नुसती चाल, मग बघू.

तुझा भाऊ, अजून रागावलेला,
क्लिफ