एकशे बारानंतरचं पान

ता. ३ ऑगस्ट

चि. ठकूस ताईचे अनेक आशीर्वाद.

बुडून मेलेला पहारेकरी पुढच्याच प्रकरणात नावेत बसून गाणं कसा म्हणतो, असं तू विचारलंस. मला सांगता येत नाही. तुझ्या त्या जादूच्या मालिकेचं मी एकही पान वाचलेलं नाही. पण दोन वर्षं वाट पाहिलेला दुसरा भाग अर्ध्यावर टाकू नकोस. लेखिकेने मुद्दाम कोडं घातलं असेल. वाचणाऱ्यानेही थोडी मेहनत घ्यावी. हसू नकोस, मी वर्गातही असंच बोलते.

इकडे बरं नाही. बाइंडिंगखान्यात आईच्या शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या काकूंना काढून टाकलं. दुकानांतून पुस्तकं परत आली आणि मुकादमाने ठपका त्यांच्यावर ठेवला. वीस वर्षांची सोबत होती. आई घास चिवडत बसते. मैत्रीण गेल्याचं दुःख असेल, असं मी म्हटलं. ती ताट उचलून मोरीकडे गेली.

जपून राहा. लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई

ता. १० ऑगस्ट

ती. ताईस ठकूचा नमस्कार.

घेतली मेहनत, बाईसाहेब. तीनदा वाचलं. पहारेकऱ्यासाठी सगळे रडतात, मग तोच येऊन जेवायला मागतो आणि कोणाला आश्चर्यही वाटत नाही. लेखिकेला दोन पानी शिव्या लिहिल्या होत्या. शेवटी खोलीतल्या मैत्रिणीने पानांचे आकडे पाहिले. एकशे बारानंतर थेट एकशे एकोणतीस, आणि एकशे तेरा त्याच्या मागे. सोळा पानांची अख्खी घडी उलटसुलट. वर्गातल्या तिघींच्या प्रती तशाच. आता ओळीने वाचून काय करू? तो मरणार हे कळलंच ना. मी रडले, तर पुस्तकासाठी रडते म्हणून चिडवतात.

मागच्या पानावर आईच्याच बाइंडिंगखान्याचं नाव आहे. आईला सांग, तुमच्याकडे कोणीतरी आंधळं बसवलंय. काकूंना काढलं ते बरंच झालं. हे तिला वाचून दाखव, हसेल ती.

आहे तशीच माया असू दे.

ठकू

ता. १८ ऑगस्ट

चि. ठकूस ताईचे आशीर्वाद.

नेहमीसारखं तुझं पत्र आईला वाचून दाखवत होते. 'आंधळं' म्हटलं आणि तिने कागद माझ्या हातातून घेतला, नखाने दाबून दाबून घडी घातली. आईला अक्षर येत नाही. घड्यांच्या पाठीवर काळ्या खुणा असतात. क्रम बरोबर लागला की त्या पायऱ्यांसारख्या उतरतात. त्यावरच तिने आयुष्यभर काम केलं.

"पायऱ्या दिसत नाहीत गं, वर्ष झालं," ती म्हणाली. कोणता गठ्ठा कुठे ठेवला ते लक्षात ठेवून लावते. त्या दिवशी दोन गठ्ठ्यांची जागा चुकली.

मुकादम काकूंवर ओरडत होता तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. ठकूची परीक्षा होईपर्यंत तोंड उघडू नकोस, असं तिने मला विनवलं. तिची नोकरी गेली तर तुझं वसतिगृह सुटेल. मी चार दिवस गप्प राहिलेही. काल काकू रस्त्यात भेटल्या. आईच्या डोळ्यांना जपा, म्हणाल्या. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

माझ्यावर राग धर, पण आईला पत्र पाठव. ऐकायला तयार झाली तर वाचून दाखवीन.

आज शाळा सुटल्यावर मी बाइंडिंगखान्यात गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. आईला विचारलं नव्हतं. ती तिथेच, आपल्या टेबलाशी बसून ऐकत होती.

तुझी ताई