नॉरफोकचा रकाना

बाबा, खरं तर मला ऑफिसात टीम लीडच्या वरच्या मॅनेजरला ईमेल पाठवायची आहे. धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. आमच्या सिडनीच्या कंपनीकडे सध्या नॉरफोक बेटावरच्या लोकांच्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये भरायचं काम आहे. तुम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचात, तुम्हाला हे बेट फार आवडलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रातला एवढासा ठिपका, पण त्याची स्वतःची विधानसभा होती, स्वतःचे कायदे होते, बोलीसुद्धा स्वतःची. मग ऑस्ट्रेलियाने कारभार आपल्याकडे घेतला. आता कायदे न्यू साउथ वेल्स राज्याचे, शाळा-दवाखाना क्वीन्सलँड राज्य बघतं, मत कॅनबेराच्या मतदारसंघात. एक ना धड, भाराभर चिंध्या! बेट मात्र कुठल्याच राज्यात नाही. आमच्या फॉर्ममध्ये 'राज्य' हा रकाना सक्तीचा, यादीत या बेटाला जागाच नाही. आम्ही सरसकट न्यू साउथ वेल्स टाकून मोकळे झालो.

गेल्या आठवड्यात ट्रायलसाठी बेटावर गेले होते. काउंटरवर एक आजी आल्या. स्वतःच्या नोंदीचा कागद चष्म्याजवळ धरून म्हणाल्या, "लव्ह, आम्ही न्यू साउथ वेल्सचे कधी झालो? आम्हाला कुणी विचारलं नाही." मी "नो वरीज, चेक करते" म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतंय. तुम्ही स्टुलावर बसून वह्या तपासताय. मी नकाशात केंद्रशासित दीव गुजरातच्या पिवळ्या रंगात रंगवून टाकलंय. तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "लहान आहे म्हणून शेजाऱ्याच्या रंगात बुडवायचं नाही," आणि अख्खा नकाशा परत काढायला लावता. "अहो, जेवू तरी द्या तिला," आई म्हणते. तुम्ही ऐकत नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता.

सोमवारी सिस्टीम सुरू होणार. आता तोंड उघडलं तर तारीख पुढे जाणार, खापर कुणावर तरी फुटणार, आणि माझा व्हिसा याच नोकरीवर आहे. लेकीची स्कोफिल्ड्स उपनगरातली शाळा, घर, सगळं त्यावर. भीती वाटते, बाबा. ईमेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. त्यात मी 'टीमकडून राहून गेलं' असं लिहिलंय, आणि ते खोटं आहे. टीम लीडने मला विचारलं होतं, "अगं, वेगळा ऑप्शन करून घ्यायचा का? दोन दिवस लागतील." मीच म्हणाले, "सोड गं, एवढ्याशा लोकांसाठी कशाला."